यवतमाळपर्यंत न पोचलेलं नाटक

1973 साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मुंबई दूरदर्शन नुकतंच सुरू झालेलं होतं. 2 ऑक्टोबर 1972 हा त्याचा पहिला दिवस. ध्वनिचित्रफीत महाग आणि दुर्मीळ असल्यामुळे त्या काळात स्टुडिओतले कितीतरी कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, आणि ज्यांचं मुद्रण होई त्यांच्याही फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. विनायक चासकरांचा ‘गजरा’ हा कार्यक्रम त्याच केंद्रातला. दर वेळी नवा विषय, नव्या नाटिका, आजची पात्रं उद्या नाहीत. मराठी दूरचित्रवाणीवर नाटक असं सुट्या फुलांनी सुरू झालं. वरळीच्या प्रक्षेपण मनोऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या यवतमाळला मात्र त्यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. ऐंशीच्या दशकात जिल्ह्यातल्या घरांवर अँटेना उभे राहू लागले, तोवर मुद्रित मालिकांचे दिवस आले होते. थेट एकांकी नाटकांची परंपरा पुन्हा सुरू करायची झाली, तर आरंभ यवतमाळपासून व्हावा असं मला वाटतं. गतकाळाच्या ओढीशी याचा संबंध नाही. कारण नाट्यप्रकाराच्या घडणीतच आहे.

मालिकेला वर्षानुवर्षं टिकणारं घर लागतं: तोच वाडा, तेच जेवणाचं टेबल, तीच भांडणं. कापूस बुडालेल्या शेतकऱ्याची किंवा त्याच्यामागे राहिलेल्या बाईची गोष्ट त्या घरात मावत नाही. तिला एक संध्याकाळ हवी असते, पूर्ण आणि अखंड. अमेरिकेत 1953 साली पॅडी चायेफस्की यांचं ‘मार्टी’ असंच थेट दाखवलं गेलं. त्याचा नायक एक साधा, एकटा खाटीक. रोज त्याच माणसांकडे परतण्याची सक्ती नसली की सामान्य माणूस नायक होऊ शकतो. यवतमाळजवळचा पुरावा याहून बळकट आहे. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या स्त्रिया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्याच संमेलनाचं उद्घाटन करणाऱ्या वैशाली येडे त्यांतल्या एक. ज्या जिल्ह्याचं नाव वृत्तवाहिन्यांवर केवळ आकड्यांसोबत ऐकू येई, त्या जिल्ह्यातली बाई इथे आपल्या तोंडाने बोलत होती.

मग मुद्रण का नको? चुका काढता येतात, कलावंतांवरचा ताण कमी होतो. हा आक्षेप खरा आहे, आणि चित्रफीत आल्यावर जगभर थेट नाटक मागे पडलं ते याच सोयीमुळे. पण सोयीबरोबर काय गेलं, तेही मोजायला हवं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकांना आजही गावंच्या गावं लोटतात. समोरचा माणूस आत्ता बोलतो आहे, अडखळला तर आपल्यादेखत सावरणार आहे, ही जाणीव त्या गर्दीला बांधून ठेवते. कापून जोडलेल्या दृश्यात ती उरत नाही. एरवी क्रिकेटचा सामना थेटच बघायचा असा आग्रह का धरतो आपण?

नाटक आहेच, मग पडदा कशाला, असंही कुणी म्हणेल. ‘तेरवं’सारख्या नाटकाला सभागृह लागतं, आयोजक लागतो, प्रवासखर्च लागतो, झरी-जामणीत किंवा आर्णीत तो प्रयोग किती वेळा जाणार? खर्चाचा आक्षेप तर 2020 नेच सैल केला. टाळेबंदीत हृषीकेश जोशी यांनी ‘मोगरा’ हे ‘नेटक’ आपापल्या घरांतल्या कलावंतांकडून इंटरनेटवर थेट सादर करून घेतलं. सह्याद्री वाहिनी आहे, नागपूरला दूरदर्शनचं केंद्र आहे. वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या सभागृहात दोन-तीन कॅमेरे लावून महिन्यातून एक संध्याकाळ, दर वेळी नवं नाटक, वऱ्हाडी बोलीत आणि कधी कोलामी-गोंडीतही, एवढीच मागणी आहे. मुंबईत 1972 साली यापेक्षा अवघड काम झालं होतं.