वाइन द्राक्षे: नारायणगावच्या शातो इंडाजचा इतिहास आणि लागवडीपूर्वीचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर परिसराला द्राक्ष नवीन नाही. 14व्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने येथील द्राक्षे व डाळिंबांची नोंद केली आहे. आज शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंची गाव शेततळ्यांच्या जोरावर द्राक्ष पिकवते. त्यामुळे 'वाइन द्राक्षे लावावीत का?' हा प्रश्न शेतकरी बंधू विचारतात. उत्तरासाठी शातो इंडाजचा इतिहास माहीत असणे उपयोगी आहे.

नावलौकिक कसा मिळाला?

'शातो' हा फ्रेंच शब्द. बोर्दो भागात ज्या वाइनची द्राक्षे स्वतःच्या मळ्यात पिकतात, त्या मळ्याला हे नाव लावतात. तेथे 1855 मध्ये मळ्यांची प्रतवारी ठरली आणि ती जवळजवळ तशीच टिकून आहे.

याच धर्तीवर उद्योजक शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव (ता. जुन्नर) येथे वाइनरी उभारली. फ्रान्समधील पायपर-हाइडसिक या शॅम्पेन कंपनीचे तांत्रिक साह्य घेतले. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याच्या पद्धतीने तयार केलेली त्यांची फेसाळ वाइन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात गेली. भारतातही चांगली वाइन होऊ शकते, हे तिने दाखवून दिले.

तेजी आणि पडझड

2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. विंचूर (नाशिक) व पलूस (सांगली) येथे वाइन पार्क झाले. वाइनरी वाढल्या, तशी करारावरची लागवडही वाढली. इंडाजने परदेशातील वाइन कंपन्या विकत घेतल्या, कर्ज वाढले. 2008 च्या जागतिक मंदीत मागणी घटली आणि कंपनी अडचणीत आली. द्राक्ष पुरवणाऱ्या शेतकऱ्यांची देणी थकली. पुढे मुंबई उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्याची कार्यवाही झाली. त्या काळात अनेकांनी वाइन द्राक्षांच्या बागा काढून टाकल्या.

शेतकऱ्यालाच फटका का बसतो?

थॉमसन किंवा सोनाकाला एका व्यापाऱ्याने दर पाडला, तर दुसरा व्यापारी असतो. शेवटी बेदाणा तरी करता येतो. सोव्हिन्यॉन ब्लाँ, शनिन ब्लाँ, शिराझ, कॅबरने सोव्हिन्यॉन या वाइन वाणांचे मणी लहान, बियांचे आणि रसाळ असतात. ते बाजारात खाण्यासाठी विकले जात नाहीत, त्यांचा बेदाणाही होत नाही. ग्राहक एकच, तो म्हणजे वाइनरी. तिने माल नाकारला, तर घड वेलीवरच राहतात.

लागवडीपूर्वी हे तपासा

• लेखी करार आधी, रोपे नंतर. करारात वाण, क्षेत्र, किती वर्षे खरेदी होणार, ब्रिक्सनुसार दर आणि पैसे देण्याची मुदत स्पष्ट असावी.
• वाइनरी किती अंतरावर आहे? काढणीनंतर माल लवकर पोहोचला पाहिजे. वाहतूक खर्च कोणाचा, हेही लिहून घ्या.
• ब्रिक्सची तपासणी कोठे व कोणासमोर होणार, ते ठरवा. वाद झाल्यास दुसऱ्यांदा तपासणीची सोय असावी.
• एप्रिलमधील खरड छाटणीला पाणी लागते. उन्हाळ्यात शेततळ्यात किती पाणी उरते, ते मोजूनच क्षेत्र ठरवा.
• काढणी साधारण जानेवारी ते मार्च. याच काळात मराठवाड्यात गारपिटीचा धोका असतो, म्हणून पीक विमा पाहा.
• संपूर्ण बाग एकाच वाइनरीवर सोपवू नका. काही क्षेत्र खाण्याच्या वाणांचे ठेवा.

वाइनरीचे नाव मोठे असले, तरी शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा होतातच असे नाही. म्हणून ज्या वाइनरीशी करार करणार, तिला दोन-तीन हंगाम माल दिलेल्या शेतकऱ्यांना आधी भेटा आणि पैसे किती दिवसांत मिळाले, हे विचारा. वाणांची निवड व खुंटाबाबत मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.