'बुद्धिपुरस्सर' : एका शब्दाचा कायदेशीर इतिहास

'पुरस्सर' म्हणजे पुढे चालणारा. ज्या कृतीच्या पुढे बुद्धी, म्हणजे निश्चय चालतो, ती बुद्धिपुरस्सर कृती होय. बोलीतील 'मुद्दाम' या शब्दात खोडीचाही भाव येतो. 'बुद्धिपुरस्सर' हा शब्द मात्र पूर्वविचार दर्शवितो.

भारतीय फौजदारी कायद्यात हा भेद निर्णायक ठरला. १८६० च्या दंडसंहितेतील कलम २९८ मध्ये धार्मिक भावना दुखावण्याचा बुद्धिपुरस्सर उद्देश ही अट होती. पण त्यात छापील लेखनाचा उल्लेख नव्हता. 'रंगीला रसूल' या पुस्तिकेच्या प्रकाशकाची लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये मुक्तता केली. त्याच वर्षी कलम २९५-अ अस्तित्वात आले. त्यात लेखनाचा समावेश झाला. मात्र अवमान बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेला असावा, असे बंधन घातले गेले.

रामजीलाल मोदी खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. अजाणता वा निष्काळजीपणे झालेला अवमान त्याच्या कक्षेत येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्येही ही अट कायम आहे.

सारांश, भावना दुखावली एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही. हेतू सिद्ध व्हावा लागतो. संशोधक व लेखक यांच्या स्वातंत्र्याचे रक्षण या एका विशेषणावर अवलंबून आहे.