राहुटी

राहुटी (रावटी असेही) हा कापड, खांब, दोर आणि खुंट्या यांच्या साहाय्याने उभारला जाणारा, दोन बाजूंना उतरत्या छताचा लहान तंबू होय. दोन उभे खांब, त्यांवर आडवे टाकलेले आढे, आढ्यावरून दोन्ही बाजूंना सोडलेले कापड आणि ते ताणून धरणारे दोर अशी तिची मूळ रचना असते. शामियाना किंवा मांडव यांच्या तुलनेत राहुटी ठेंगणी असते. दोन-तीन माणसे ती थोड्या वेळात उभारू वा उतरवू शकतात. भटक्या समाजांच्या याहून साध्या, कमी उंचीच्या निवाऱ्यास ‘पाल’ म्हणतात. यात्रा, छावण्या, स्काउट व राष्ट्रीय छात्रसेनेची शिबिरे, गिरिभ्रमण आणि वनपर्यटन अशा अनेक प्रसंगी राहुटी वापरली जाते. वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत तिचा सर्वांत ठळक वापर बहिरमच्या यात्रेत दिसतो.

इतिहास

सोळाव्या शतकातील ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात बादशाही छावणीतील तंबूंच्या वर्णनात ‘चोबीन रावटी’चा उल्लेख येतो. ती दहा खांबांवर उभी असे व त्यांपैकी आढे पेलणारे दोन खांब इतरांपेक्षा किंचित उंच असत. आजच्या साध्या राहुटीतही उंची ठरते ती आढ्याच्या खांबांवरूनच. वऱ्हाड हा उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांच्यामधील वाटेवरचा प्रदेश असल्याने येथे मोगल, निजाम, नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्या फौजांचे तळ वेळोवेळी पडले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे लढाई झाली आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला. त्या मोहिमेतील सैन्य हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वावरत होते, म्हणजे बहिरमची यात्रा आज ज्या हंगामात व ज्या पट्ट्यात भरते, साधारण त्याच.

बहिरमच्या राहुट्या

अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यात, परतवाडा–बैतूल मार्गावर, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाचे (भैरवाचे) देवस्थान आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणारी येथील यात्रा जानेवारीअखेरपर्यंत चालते. इतक्या लांबलेल्या यात्रेमुळे मुक्कामाची सोय आवश्यक ठरते व ती राहुट्यांनी भागवली जाते. परिसरातील शेतकरी कुटुंबे राहुटी टाकून राहतात, नातलगांना व मित्रांना जेवायला बोलावतात. मातीच्या हंडीत शिजवलेले मटण आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे ही या पंगतींची ओळख आहे. येथे राहुटी केवळ झोपण्याची जागा नसून कुटुंबाचे तात्पुरते घर, स्वयंपाकघर आणि बैठक असते. म्हणूनच तिच्याबाबतची खरी काळजी पावसाची नसून विस्तवाची असते.

सुती कापड पेटल्यावर ज्वाळा झपाट्याने आढ्यापर्यंत जाते. पॉलिएस्टर व नायलॉन वितळून त्याचे तापलेले थेंब खाली पडतात आणि अंगाला चिकटतात. यासाठी चूल राहुटीबाहेर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून मांडावी लागते व दोन राहुट्यांच्या दोरांना एकमेकांत गुंतू न देता मध्ये मोकळी वाट ठेवावी लागते. थंडीच्या रात्री पेटती शेगडी आत घेऊन पडदे बंद करणे याहूनही घातक असते. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही.

जमीन आणि खुंटी

राहुटी वाऱ्यात टिकते ती कापडापेक्षा खुंटीच्या बळावर, आणि खुंटीचे बळ जमिनीवर अवलंबून असते. अमरावती–अकोला पट्ट्यात थोड्याच अंतरात जमीन पूर्णपणे बदलते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी कापसाची जमीन पाण्याने फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. हिवाळ्यात तिच्यात खुंटी सहज बसते. उन्हाळ्यात तीच खुंटी भेगेत सापडून हलते, तर पावसात चिखल तिला धरत नाही. अशा जमिनीत लांब खुंटी वापरणे, भेग टाळून ठोकणे आणि गरज पडल्यास एका दोरासाठी एकामागे एक दोन खुंट्या लावणे उपयोगी पडते. फार भुसभुशीत जागी मातीने भरलेले पोते किंवा जाड लाकूड फूटभर खोल आडवे पुरून त्याला दोर बांधतात. असे पुरलेले ओझे खुंटीपेक्षा कितीतरी अधिक ओढ सहन करते.

सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे व रेती मिसळलेला गाळ आहे. तेथे लाकडी खुंटीचे टोक फुटते, म्हणून लोखंडी खुंटी बरी. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याच्या पठारावर मुरमाचा पातळ थर आणि खाली काळा खडक असल्याने खुंटी काही बोटांवरच अडते. तेथे दोर मोठ्या दगडांना बांधतात. दगडाची धार दोराला कापू नये म्हणून मध्ये गोणपाटाची घडी घालतात.

उभारणी

जागा किंचित उंचवट्याची, पण उघड्या कड्यापासून दूर असावी. मेळघाटातील सिपना, गडगा यांसारख्या नद्यांच्या व नाल्यांच्या कोरड्या पात्रात राहुटी टाकू नये. डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी, खाली आभाळ मोकळे असतानाही, पात्रात अकस्मात येते. झाडाची सावली उन्हाळ्यात मोलाची असली तरी वाळक्या फांद्यांखालची जागा टाळावी. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात कोठेही मनाने मुक्काम करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठीही परवानगी लागते. तेथील मुक्काम वनविभागाने ठरवलेल्या सेमाडोहसारख्या ठिकाणीच होतो.

प्रथम जमिनीवरील खडे, काटे व पऱ्हाटीची खुंटे काढून ताडपत्री अंथरतात. ताडपत्रीची कड राहुटीच्या तळाबाहेर राहिल्यास छतावरून ओघळलेले पाणी तिच्यावर साचून थेट आत येते, म्हणून ती चारी बाजूंनी आत दुमडतात. नंतर तळाचे चार कोपरे काटकोनात ताणून ठोकतात. हे कोपरे तिरपे बसले तर पुढे कितीही दोर ओढले तरी छतावरची सुरकुती जात नाही आणि पाणी नेमके त्या सुरकुतीत थांबते. त्यानंतर खांब उभे करून आढ्याच्या दोन टोकांचे मुख्य दोर एकाच वेळी ताणतात व शेवटी बाजूचे दोर लावतात. खुंटीचे डोके राहुटीपासून बाहेरच्या बाजूस झुकलेले असावे. दोर व खुंटी यांत साधारण काटकोन झाल्यास खुंटी उपसून निघत नाही.

दोराला घट्ट-सैल करता येणारी सरकती गाठ मारतात, कारण दोर एकदा ताणून काम संपत नाही. सुती दोर व सुती कापड दवाने किंवा पावसाने ओले झाले की आखडते. ते सैल केले नाही तर खुंट्या उपटतात किंवा शिवण फाटते. नायलॉनचे वर्तन याच्या उलट आहे. ते भिजल्यावर सैलावते व पुन्हा ताणावे लागते. बहिरमच्या हंगामात रात्री डोंगरउतारावरून थंड हवा खाली येते, त्यामुळे दार डोंगराच्या विरुद्ध बाजूस ठेवणे सोयीचे असते. वळवाच्या पावसाचा वारा मात्र दिशा बदलत असल्याने तेव्हा सर्व बाजूंचे दोर सारखेच भक्कम हवेत.

निगा

वऱ्हाडात राहुटीचे कापड पावसापेक्षा उन्हाने अधिक खराब होते. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे धागे आतून कमकुवत होतात. नायलॉन यात पॉलिएस्टरपेक्षा लवकर हार खाते. कापड दिसायला धड असते, पण बोटाने ओढताच चरकन फाटते. मुक्काम नसताना राहुटी दिवसभर उभी ठेवू नये. मुख्य छतावर चार बोटांचे अंतर सोडून दुसरे स्वस्त कापड ताणल्यास ऊन ते कापड झेलते आणि मधल्या हवेमुळे आतील उष्माही कमी होतो.

ओली राहुटी घडी घालून ठेवल्यास सुती कापडाला काही दिवसांतच बुरशी लागते. तिचे काळे डाग पुढे जात नाहीत व तेवढी जागा कुजते. नाइलाजाने ओली बांधावी लागली तर घरी पोहोचताच सावलीत पसरून वाळवावी. पाणी रोखण्यासाठी लेप दिलेले पॉलिएस्टर दमट उष्णतेत राहिल्यास त्याचा लेप चिकट होऊन सुटू लागतो, म्हणून पत्र्याच्या खोलीतील माळा ही ते ठेवण्याची सर्वांत वाईट जागा. चिखल वाळू देऊन मऊ ब्रशने झाडावा. धुण्याच्या पावडरीने लेप निघून जातो, त्यामुळे साधे पाणी पुरे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी वापरल्यास नंतर गोड्या पाण्याने खळबळून घ्यावे, कारण क्षारांमुळे लोखंडी कड्या व खुंट्या लवकर गंजतात.

दुरुस्ती

सुती कापडाच्या फाटीला त्याच वजनाच्या सुती कापडाचे ठिगळ लावतात. ठिगळ फाटीच्या सर्व बाजूंनी दोन बोटे मोठे घेऊन, कडा आत दुमडून, मेण लावलेल्या सुती दोऱ्याने शिवतात. हा दोरा भिजल्यावर फुगतो व सुईची छिद्रे भरून काढतो. नायलॉनचा दोरा अधिक बळकट असला तरी तो मऊ सुताला कापत जातो. कृत्रिम कापडावर चिकटपट्टीचे ठिगळ बसते. त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा प्रथम उचलला जातो. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर मात्र इतर कोणताही डिंक वा पट्टी टिकत नाही, त्याला सिलिकॉनच लागते.

कड्याचे भोक फाटून कडी निघून गेल्यास त्या जागी गोल गुळगुळीत खडा कापडात गुंडाळून त्याच्या मानेभोवती दोर बांधतात. शेतातील ताडपत्रीसाठी ही युक्ती सर्रास वापरली जाते, आणि घाईत शिवलेल्या नव्या भोकापेक्षा ती भरवशाची असते. मोडलेल्या पोकळ खांबावर थोड्या मोठ्या व्यासाची नळी सरकवून दोन्ही टोके पट्टीने घट्ट करतात, तर बांबू उभा चिरल्यास चिरेवर ओली सुतळी जवळजवळ वेढे देऊन आवळतात. दाराची चेन दाते न मोडताही उघडी पडू लागली, तर बहुधा तिचा सरकता भाग झिजून रुंदावलेला असतो. पकडीने तो दोन्ही बाजूंनी हलकेच दाबावा व दात्यांतील धूळ काढून मेणबत्ती घासावी.