तळटीप : लिस्बनला गेलेले परदेशी कार्यकर्ते

२५ एप्रिल १९७४ रोजी लष्कराच्या उठावाने पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली. पुढचे दीड वर्ष युरोपातल्या अनेक देशांतले जहाल डावे कार्यकर्ते तिथे लोटले. त्यांना केवळ हौशे-गवशे मानणे अन्यायाचे होईल. भूमिहीन मजुरांनी १९७५ मध्ये ताब्यात घेतलेल्या तोर्रे बेला या सरदारी जहागिरीवर जर्मन दिग्दर्शक टोमास हार्लान यांनी केलेला माहितीपट आजही त्या दिवसांचा मोलाचा दस्तऐवज आहे. (त्यांचे वडील फाइट हार्लान नाझी राजवटीचे नामवंत दिग्दर्शक होते, मुलाची ही वाट त्या पार्श्वभूमीवर पाहावी.)

शेजारच्या स्पेनशी असलेला धागा अधिक घट्ट होता. तिथे फ्रँको अजून सत्तेवर होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांचे पाहून स्पॅनिश सैन्यातही लोकशाहीवादी अधिकाऱ्यांची गुप्त संघटना उभी राहिली. २७ सप्टेंबर १९७५ रोजी फ्रँकोने पाच जहाल कार्यकर्त्यांना गोळ्या घातल्या, तेव्हा लिस्बनमध्ये संतप्त जमावाने स्पॅनिश वकिलात जाळली. दोनच महिन्यांनी, २५ नोव्हेंबरला, पोर्तुगालमधल्या डाव्या सैनिकांचा उठाव मोडला गेला. फ्रँको त्याआधी पाच दिवस वारला होता. म्हणजे स्पेनची दारे किलकिली होत असताना लिस्बनमधला आधार सुटला होता. पुढच्या प्रकरणातली स्पॅनिश डाव्यांची एकाकी अवस्था यावरून उलगडते.