दारफाळणीच्या दिवशी सूप : होलोकॉस्टच्या आठवणी आणि आपला विश्वास



अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांना एली वीझेल यांचं ‘नाइट’ हे पुस्तक नेमलेलं असतं. आपल्या घरची मुलंही ते वाचतात आणि जेवणाच्या टेबलावर दोन प्रश्न टाकतात. देव तेव्हा कुठे होता? आणि आपण भारतातले यहुदी, मग हा आपला इतिहास आहे का? बहुतेक आईबाप पहिल्या प्रश्नाला गप्प बसतात आणि दुसऱ्याला ‘नाही, आपल्याला भारतात कुणी त्रास दिला नाही’ एवढं सांगून मोकळे होतात. आम्हाला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात.

वीझेल १९२८ साली सिगेट गावी जन्मले. घर धार्मिक, मुलगा तोरा-तालमूदात बुडालेला. मे १९४४ मध्ये गावातल्या सगळ्या यहुद्यांना गुरांच्या डब्यांत भरून ऑशवित्झला नेलं. आई आणि धाकटी बहीण तिथे मारल्या गेल्या. वडील जानेवारी १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत गेले. एप्रिलमध्ये छावणी मुक्त झाली तेव्हा हा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्यांनी आठवणी आधी यिद्दिशमध्ये लिहिल्या; ते जाडजूड पुस्तक १९५६ साली ब्वेनोस आइरेसला छापलं गेलं. १९५८ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १९६० मध्ये इंग्रजीत आलं ते त्याचं बरंच आटोपशीर रूप. तोवर ते न्यूयॉर्कला आले होते. १९६३ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि १९८६ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

या छोट्या पुस्तकात खुणा भरपूर आहेत. पहिली खूण नावातच आहे. रात्र म्हणजे देव न दिसण्याची वेळ. दुसरी खूण आग. आगगाडीच्या डब्यात एक बाई आग दिसते म्हणून किंचाळत राहते. लोक तिला वेडी ठरवून मारतात, आणि गाडी थांबते ती धुराड्यासमोर. तिसरी खूण व्हायोलिन. बर्फातली मजल मारून माणसं एका शेडमध्ये एकमेकांवर कोसळलेली असतात आणि त्या अंधारात ज्युलिएक नावाचा मुलगा बेथोवन वाजवतो. सकाळी तो मेलेला आणि वाद्य चिरडलेलं. शेवटची खूण आरसा. सुटकेनंतर मुलगा आरशात पाहतो तर त्यातून प्रेत बघत असतं. १९९६ मध्ये अभ्यासक नाओमी सायडमन यांनी दाखवलं की यिद्दिश पुस्तकात तो मुलगा आरसा फोडतो. आपल्या माणसांसाठी लिहिताना राग उघडा होता. जगासाठी लिहिताना उरली ती शांतता. या मतावर वादही झाला, पण मुलांना हे जरूर सांगावं. पुस्तकातली शांतता म्हणजे राग संपला असं नव्हे.

आम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त लागतो तो योम किप्पूरचा प्रसंग. आपण त्याला दारफाळणीचा सण म्हणतो. आपल्या कोकणातल्या गावी त्या दिवशी घरोघर दारं बंद, अंगावर पांढरे कपडे, पोटात अन्नाचा कण नाही. अंतरातलं फक्त देवाला दिसावं, म्हणून दार लावायचं. छावणीत त्या दिवशी वाद चालला होता, उपास करायचा की नाही. वडिलांनी मुलाला उपास करू नकोस म्हणून सांगितलं, जगायला हवं होतं. पण मुलगा लिहितो की त्याच्याकडे वेगळंही कारण होतं. देवाचं मौन त्याला मान्य नव्हतं, म्हणून सूप पिणं हेच त्याचं बंड झालं. आणि बंड करूनही आत समाधान नव्हतं, मोठी पोकळीच होती.

विश्वास गेला असं आपण म्हणतो ते इतकं सरळ नसतं. ज्याचा देवाशी काही संबंध नाही, त्याला उपास मोडून बंड करावं लागत नाही. सुटकेनंतर वीझेल फ्रान्समधल्या अनाथ मुलांच्या घरात राहिले, आणि तिथे त्यांनी पुन्हा प्रार्थना आणि तालमूदचा अभ्यास सुरू केला. त्यांनी सांगितलेली एक हकिकत प्रसिद्ध आहे. ऑशवित्झमध्ये विद्वान कैद्यांनी देवावर खटला चालवला, देव दोषी ठरला, आणि मग सगळे संध्याकाळच्या प्रार्थनेला उभे राहिले. त्यावरून त्यांनी १९७९ मध्ये नाटकही आणलं. १९९७ च्या रोश हशानाला त्यांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात देवाला उद्देशून लिहिलं, आता समेट करू या, अशा अर्थाचं. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ भांडण चालूच होतं, पण बोलणं तुटलं नव्हतं. आपण मराठी मुलखात वाढलेली माणसं. विठ्ठलाला शिव्या घालणारी जनाबाई आपल्या शेजारच्यांच्या कीर्तनातून आपण ऐकलेली आहे. देवाशी भांडणं म्हणजे देव सोडणं नव्हे, हे आपल्याला निराळं शिकावं लागत नाही.

पण सगळ्यांच्या आठवणी देवाविषयी नाहीत, हेही मुलांना कळावं. गेर्डा वाइसमन क्लाइन पोलंडची मुलगी. १९४२ च्या जूनमध्ये, भर उन्हाळ्यात, वडिलांनी तिला स्कीचे जाड बूट घालायला लावले. त्याच बुटांनी १९४५ च्या हिवाळ्यातल्या मृत्युयात्रेत तिला वाचवलं, आणि घरच्यांचे फोटो तिने त्यातच लपवले होते. तिची मैत्रीण इल्झे एकदा दिवसभर एक रासबेरी खिशात जपून ठेवते आणि संध्याकाळी पानावर ठेवून तिला देते. इल्झे सुटकेच्या काही दिवस आधी गेली. सुटकेच्या दिवशी एका अमेरिकी अधिकाऱ्याने गेर्डासाठी दार उघडून धरलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिला माणूस म्हणून वागवलं होतं. तो अधिकारी कर्ट क्लाइन. तोही जर्मनीतून निसटलेला यहुदी, त्याचे आईवडील ऑशवित्झमध्ये मारले गेलेले. दोघांनी लग्न केलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोत संसार थाटला. तिचं ‘ऑल बट माय लाइफ’ १९५७ साली आलं. बूट, रासबेरी, उघडं दार. तिच्या खुणा एका माणसाने दुसऱ्यासाठी काय केलं याच्या आहेत.

आम्ही नर्सिंगमध्ये आयुष्य काढलं, म्हणून एक गोष्ट वेगळ्या बाजूने दिसते. अशा छळातून गेलेल्या वृद्धांना आंघोळीचा फवारा, रांग, गणवेश, कडक आवाज यांनी जुनी दहशत परत येऊ शकते. कुणी उशीखाली पाव लपवतं. तो पाव उचलून टाकायचा नसतो, आणि ‘देवावर भरवसा ठेवा’ असं तर मुळीच म्हणायचं नसतं. आधी सांगायचं, मी कोण, काय करणार आहे, आणि तुम्ही नको म्हटलंत तर थांबेन. शिकागोकडे शिकवणारे रब्बी एलिएझर बर्कोविट्स यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात हेच धर्माच्या भाषेत मांडलं. आपण स्वतः ईयोब नाही, ईयोबाचे भाऊ आहोत. छावणीत ज्यांचा विश्वास टिकला आणि ज्यांचा गेला, दोघांपुढे बाहेरच्याने नम्र राहावं.

आपण प्रत्येक मलिद्याला ज्याला हाक मारतो, त्या एलियाहू हनाबीची गोष्ट इथे आठवते. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर आपण त्याच्या रथाची खूण दाखवतो. पण रथात बसून वर जाण्याआधी हाच नबी रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागत होता. देवदूताने त्याला बोल लावला नाही की उपदेश केला नाही. ऊठ, खा, म्हणाला. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. प्रश्न त्यानंतर झाले.

आता दुसरा प्रश्न. हा आपला इतिहास आहे का? परंपरेप्रमाणे आपले पूर्वज इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास निघाले आणि नवगावच्या किनाऱ्याला लागले. दुसरं मंदिर रोमनांनी जाळलं इ. स. ७० मध्ये. ते आपल्या पूर्वजांनी पाहिलं नाही. तरीही बिरड्याच्या सणाला आपण त्या मंदिरासाठी उपास करून रडतोच. शोक करायला तिथे हजर असावं लागत नाही. शिवाय हिटलरपासून पळालेले यहुदी आपल्या मुंबईतही आले, आणि त्यांच्या मदतीसाठी तिथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. प्रागहून १९३४ साली आलेले वॉल्टर कौफमन आकाशवाणीत काम करत होते. आकाशवाणीची जी धून ऐकत आपण लहानाचे मोठे झालो, तिचं श्रेय बहुधा त्यांनाच देतात. पुढे तेही अमेरिकेत प्राध्यापक झाले.

तेव्हा मुलांनी विचारलं की सांगा : हो, आपलाही. आपल्याला तिथे जावं लागलं नाही, म्हणून आपल्यावर आठवण ठेवण्याचं काम जास्त आहे. देव कुठे होता, हे आम्हालाही सांगता येत नाही. पण ज्यांनी तो प्रश्न छावणीत विचारला त्यांना नास्तिक म्हणू नका, आणि ज्यांनी तिथे शेमा म्हटला त्यांना भोळे म्हणू नका. निसानच्या २७ तारखेला योम हशोआ येतो. त्या संध्याकाळी घरात एक दिवा लावा, मुलांना ‘नाइट’ची दोन पानं मोठ्याने वाचू द्या, आणि नंतर लगेच बोलायची घाई करू नका.