साडेबारा टक्के

गेली वीस वर्षं मी उरणला घर घेतो आहे. अजून घेतलेलं नाही; घेणं चालू आहे. त्यामुळे नेरुळच्या भाड्याच्या जागेत बसून मला उरणचा इतिहास मात्र तोंडपाठ झाला. बी.कॉम. माणसाने इतिहास सांगावा का, असं कुणी म्हणेल. पण जमाखर्च म्हणजे तरी दुसरं काय असतं?

उरण हे मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावरचं लहानसं गाव. मिठागरं, भातखाचरं, करंजाची मासळी आणि भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदरात येणारी लाँच. इथला सर्वांत सुखी घरमालक म्हणजे घारापुरीचा शंकर. (घारापुरी उरण तालुक्यातच येते.) सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी पाषाणात कोरलेलं घर! ना हप्ता, ना सोसायटीची वर्गणी, ना गळती. पुढे पोर्तुगीजांनी उरण घेतलं, मराठ्यांनी घेतलं, इंग्रजांनी घेतलं. पण कर्ज काढून कुणीच घेतलं नाही.

मग १७ मार्च १९७० रोजी सिडको जन्माला आली. ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी नकाशात रंगवली गेली. शेतकऱ्यांनी रास्त मोबदला मागितला. सरकारी गोळी या तालुक्याला नवी नव्हती. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात तिची ओळख झालेली होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, जासई-पागोटे भागात ती पुन्हा सुटली. पाच जण गेले.

त्या लढ्यातून पुढे १९९० च्या दशकात साडेबारा टक्के योजना आली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला.

आमच्या शाखेत शेजारच्या काउंटरवर उरणकडचे एक भाऊ होते, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी नवा होतो. म्हटलं, "भाऊ, साडेबारा टक्के म्हणजे रेट झकास आहे हो!"

भाऊ नोटा मोजायचे थांबले. "त्यातले तीस टक्के सोयीसुविधांना कापतात. राहिले पावणेनऊ. तुझ्याकडं कुणी शंभर ठेवले नि तू पावणेनऊ दिलेस, तर पासबुकात काय लिवशील?"

"पण विकसित भूखंडाची किंमत शेताच्या कितीतरी पट..." मी पुस्तकातलं सांगू लागलो.

"वाढली ना. पण त्यात भात नाय होत." आणि ते पुन्हा नोटा मोजू लागले. पहिल्यापासून.

उरणचा भाव वस्तूवर नव्हे, बातमीवर चढतो, हा शोध मात्र माझा. "पूल होणार" म्हटलं की भाव चढे. "लांबला" म्हटलं की उतरायला हवा की नाही? तो तिथेच बसून राही, मोऱ्याला ओहोटीत गाळात रुतलेल्या लाँचसारखा. मी म्हणायचो, पूल होईपर्यंत थांबू. ही म्हणायची, "पूल झाल्यावर काय स्वस्त होणार आहे?" ही अर्थशास्त्र शिकलेली नाही, हेच आमचं दुर्दैव, शिकली असती तर माझ्यासारखीच चुकली असती आणि घरात शांतता नांदली असती.

न्हावा-शेवा बंदर १९८९ लाच झालं होतं. १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून येणारा अटल सेतू आणि उरणची लोकल यांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडाली. आता थांबायला निमित्तही उरलं नाही आणि घ्यायला पैसेही.

तरी परवा आम्ही द्रोणागिरी नोडमध्ये फ्लॅट बघायला गेलो. मारुतीला वनस्पती ओळखू येईना, म्हणून त्याने अख्खा द्रोणागिरी उचलला. मला त्यातला एक सातवा मजला उचलेना. भाऊ आता निवृत्त आहेत, सोबत आले होते. एजंट हिला स्वयंपाकघरातला ओटा दाखवत होता. भाऊ बाल्कनीत उभे राहून खाली बोट रोखून काहीतरी मापत होते.

"ती पाण्याची टाकी दिसते? तिथं आमचा बांध होता. इथं, आपल्या खाली, खाचर."

एजंट बाहेर आला. मोठ्या अदबीने म्हणाला, "काका, तुम्हालाही इथंच जागा बघायचीय का?"

"बघतोय ना," भाऊ म्हणाले.