चौथा नंबर

सुप्याच्या आमच्या शाळेत निकालपत्रके लिहिताना चौथ्या नंबरापाशी माझी लेखणी हटकून थबकते. पहिल्या तिघांना बक्षिसे, चौथ्याला नुसती शाबासकी! परवा मैदानावर एका मुलाने विचारले, "गुरुजी, फुटबॉलमध्ये आपला देश कधी मोठा होता का हो?"

"होता तर! ऑलिंपिकमध्ये चौथा आला होता."

पोरे हसली. ते हसणे मनाला लागले. म्हणून वाचकहो, ही हकीकत.

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्यावर १० गोल चढवले. आपला गोल एकच. आपले बरेच गडी तेव्हा अनवाणी खेळत. एवढी नामुष्की झाल्यावर दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. पण संघाचे शिक्षक, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, हे मूळचे शाळामास्तर. नापास पोराला पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकवावे, तसे त्यांनी संघाला शिकवले. पायांत बूट आले, पास देण्याला शिस्त आली.

१९५६ साली मेलबर्नला हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपली पहिली फेरी न खेळताच पार पडली. १ डिसेंबरला गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी. मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोमंतकीय. गोमंतक अजून पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. हा मात्र भारतासाठी खेळत होता. त्याने एकट्याने ३ गोल केले! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई. भारत ४-२ ने जिंकला.

उपान्त्य सामन्यात समोर उभा ठाकला तोच युगोस्लाव्हिया! मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा. त्यानंतर पहिला गोल केला तो नेव्हिलनेच. पुढे मात्र त्यांनी ४ गोल करून सामना नेला. बल्गेरियाने आपल्याला ३-० ने हरवले आणि कांस्यपदकही हुकले.

रहीमांनी १९६२ साली जाकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले, आणि पुढच्याच वर्षी कर्करोगाने ते गेले. १९६० च्या रोमनंतर आपला संघ ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये पुन्हा उतरलेला नाही.

निकालपत्रकात नंबराचा रकाना असतो. मूल कुठून निघून कुठवर आले, ह्याचा नसतो. हे मी मुलांना सांगितले. त्यांतला एक, वर्गात नेहमी मागे बसणारा, हळूच म्हणाला, "गुरुजी, दहा गोल खाऊनसुद्धा?"

"होय रे," मी म्हणालो, "चारच वर्षांत."

त्याने चेंडू उचलला आणि तो मैदानाकडे पळाला.